दोन ते आठ अंश

औषधवाल्यानं इंजेक्शनं निळ्या डब्यात दिली,
वर बर्फाच्या दोन लाद्या,
म्हणाला, दोन ते आठ अंश, मॅडम,
दारात नको, मधल्या कप्प्यात.
बाहेर सेहेचाळीस.

मस्कतहून सोहारपर्यंत दोनशे किलोमीटर
डबा माझ्या मांडीवर.
वल्लभनं एसीची सगळी तोंडं डब्याकडे वळवली
आणि स्वतः घामाघूम गाडी चालवत राहिला.
खजुराच्या बागा, पेट्रोलपंप, पुन्हा खजूर.
आम्ही बोललो ते फक्त बर्फाबद्दल.

घरी मधला कप्पा रिकामा केला.
आगळाची बाटली खाली, ताक दारात,
कालची भरली वांगी
ओट्याशी उभ्याउभ्याच संपवली.
आत थर्मामीटर ठेवला. पाच.
रात्री दोनदा उठून पाहिलं.
साडेपाच. पाच.

कागद त्याआधीच जमवले होते.
देवरुखहून लग्नाचा दाखला आला
त्यात मी मृदुलाची मुद्रुला झालेली.
दुरुस्तीसाठी भावानं चार खेपा घातल्या,
कशाला हवाय गं, म्हणाला.
व्हिसासाठी, म्हटलं.
मग मुंबईचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, वकिलातीचा शिक्का.
लग्नाला आठ वर्षं झाली
पण ते झालंय हे ठरलं मागच्या मंगळवारी,
काउंटरवरच्या मुलीनं न वाचताच
त्याची झेरॉक्स काढली तेव्हा.

अर्जात विचारलं होतं, यापूर्वीची गर्भधारणा.
मी शून्य काढलं, ते नीट मिटलं नाही.
वल्लभच्या पानावर होतं,
कामाच्या जागी उष्णतेशी संबंध येतो का?
अॅल्युमिनियमच्या भट्टीपाशी बारा वर्षं काढलेला माणूस
पेन हातात धरून बसला.
मग लिहिलं, हो.
आणि मला विचारलं,
हे आधी कुणी का नाही विचारलं?

इन्शुरन्सच्या लेखी हा आजार नाही.
त्यामुळे ठेव मोडली, आणि भिशी.
बारा बायका, पंचवीस-पंचवीस रियाल,
यंदा आमच्या घरी, पोहे आणि फ्रूट सॅलड.
तन्वीच्या धाकटीनं वाडग्यातून चिठ्ठी काढली,
माझं नाव.
टाळ्या जरा जास्तच वाजल्या असं तेव्हाच वाटलं होतं.
सकाळी झाडताना सोफ्याखाली
तीन चिठ्ठ्या सापडल्या.
मृदुला.
मृदुला.
तिसरीवर नुसतं मृदू, शाईच्या पेननं.
मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.
केराच्या डब्यात टाकल्या त्या,
मग पुन्हा काढून पुसून
दाखल्याच्या फाइलीत ठेवल्या.

सिस्टर जिन्सीनं सुई टोचायला शिकवलं,
नाभीपासून दोन बोटं सोडून,
चिमटीत कातडी, श्वास सोडा.
वल्लभनं घरी संत्र्यावर सराव केला,
प्रत्येक वेळी संत्र्याला विचारून, दुखलं का?
ते संत्रं कुणी खाल्लं नाही.
टेबलावरच आहे, एका बाजूनं बसत चाललंय.

सासूबाई फोनवर विचारतात, काय विशेष?
आम्ही म्हणतो, ऊन फार आहे.

आता फक्त पाळी यायची बाकी.
आली की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी,
संध्याकाळी पहिली सुई.
आठ वर्षं मी हिच्या नावानं
बाथरूमचा नळ सोडून रडले,
चार दिवस उशीर झाला की
पावलंसुद्धा हळू टाकायचे,
तिला चाहूल लागू नये म्हणून.
आणि या महिन्यात वल्लभ शिफ्टवरून फोन करतो,
भट्टीच्या आवाजात ओरडून विचारतो,
आली का?
शेजारी कोण उभं असतं देव जाणे.

गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय.
निळ्या डब्याच्या लाद्या फ्रीजरमध्ये आहेत.
कंबर सकाळपासून जड आहे, म्हणजे कदाचित आज रात्री.
मी दिवा न लावता बसलेय.
ये गं बाई, म्हणते,
ये एकदाची,
फ्रीज पाचवर आहे.