आवाज जात नाही

रात्री दीडला नवी बीटा उतरली,
राजारामपुरी आठव्या गल्लीच्या वायफायवर,
दोनदा अडकून, एकदा लाइट जाऊन.
‘रोजच्या वापराच्या फोनवर टाकू नका’ असं त्यात ठळक लिहिलेलं असतं.
माझ्याकडं रोजचा सोडून दुसरा फोन नाही.

सकाळी उठला तोच तापलेला,
नुकती उतरलेली भाकरी तळव्यावर घ्यावी तसा.
अकरा वाजता बॅटरी चाळीसवर.
कॅलेंडरात या आठवड्याला दोन गुरुवार.
कॅमेरा उघडला की टॉर्च लागते,
आणि मराठी कीबोर्डवर ‘ळ’च्या जागी रिकामी चौकट.
शिकलगारला लिहिलं, ‘सहाला रंका□वर ये.’
त्याचं उत्तर, ‘रंक झालास व्हय? मग बिल मी देतो.’

दिवसभर मग मी वेळ, काळ, जवळ असलं काही
कुणालाच लिहू शकलो नाही.
अडलंही नाही फारसं कुणाचं.

त्रुटी कळवायचे तीन रकाने असतात:
काय केलं.
काय व्हायला हवं होतं.
काय झालं.
यात राग लिहायचा नसतो, अंदाज लिहायचा नसतो.
पुन्हा करून बघायचं, पुन्हा तसंच बिघडलं तर बरं वाटतं.
ही सवय आईला कधी समजावता आली नाही.

आप्पांना थोडी समजली असावी.
उद्यमनगरात एकतीस वर्षं मोल्डिंगला.
नवा पॅटर्न आला की पहिले चार नग ते ओततात ते फोडायलाच,
आत कुठं पोकळी धरलीय बघायला,
आणि मग ते चार परत भट्टीत.
‘पण ते चार नग कोण घरी आणून वापरतंय का लेका?’
एवढंच एकदा म्हणाले, ताटावरून उठताना.

दुपारी अडीचला त्यांचा फोन आला.
मी ‘बोला’ म्हटलं. ते ‘हॅलो’ म्हणाले.
मी ‘ऐकतोय’ म्हटलं. ते ‘हॅलो, हॅलो’ म्हणाले.
त्यांचा आवाज स्वच्छ येत होता, वाळू चाळायच्या यंत्रासकट,
माझा जात नव्हता.

आप्पा लाल बटण कधीच नीट दाबत नाहीत.
फोन तसाच शर्टाच्या खिशात गेला,
आणि खिशातून मला ऐकू आलं,
‘लागंना. पोरगं टेस्टिंग करतंय न्हवं.’
मग शेजारचं कुणीतरी काहीतरी.
मग आप्पा:
‘दुसऱ्याचं फुडं बिघडू नये म्हणून
आपलं आधी बिघडवून घ्यायचं, असलं काम हाय ते.
मला न्हाई जमायचं.
हुशार हाय.’
मग लॅडल कशाला तरी घासल्याचा आवाज, खोकला,
आणि बराच वेळ नुसतं कापड.

मी फोन कानाशी धरून बसलो.
बॅटरी एकवीसवर येईपर्यंत.

रात्री जेवताना म्हणाले, ‘तुझा फोन लागत नव्हता.’
‘बग आहे.’
‘मग कळीव की त्यांना.’

फॉर्म उघडला.
काय केलं: फोन उचलला.
काय व्हायला हवं होतं: दोन्हीकडं ऐकू यायला हवं होतं.
तिसऱ्या रकान्यात दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं.
शेवटी फक्त ‘ळ’चं पाठवून दिलं, चित्रासकट.

पाच दिवसांनी पुढची आवृत्ती आली.
‘कॉलच्या आवाजातील किरकोळ दोष दूर केला आहे.’
कुठल्या गावच्या कुणी कळवलं होतं कोण जाणे.
‘ळ’चा उल्लेख नव्हता.
दोन रात्री मी ‘नंतर आठवण करा’ दाबत राहिलो,
तिसऱ्या रात्री ती आपोआप बसली.

आता फोन नीट लागतो.
‘येतंय का ऐकू?’
‘येतंय.’
मग मधे थोडं काहीच नाही,
भट्टीचा पंखा तेवढा.
‘बरं. येताना दूध आण.’