चौदा इंजेक्शनं

मोरेश्वरला कुत्र्यांची भीती वाटायची,
हे आधी सांगते, नाहीतर पुढचं खोटं वाटेल.
सातव्या वर्षी चावलं होतं, रास्ता पेठेत.
पोटात चौदा इंजेक्शनं, ससूनला, रोज चालत.
साठीतही गल्लीत शिरताना तो
छत्री उघडायचा. थंडीत, उन्हाळ्यात, कधीही.

आणि हाच माणूस दर रविवारी
जुन्या बाजारातून कुत्री घेऊन घरी यायचा.
मगांवरची. विलायती चित्रं,
कुणा जमीनदाराने दोनशे वर्षांपूर्वी
लाडक्या जनावरापुढे चित्रकार बसवून
काढून घेतलेली.
तोंडात बदक धरलेला स्पॅनियल,
ओल्या गवतात दबलेला सेटर,
फॉक्सहाउंडांची अख्खी वरात.
नूरमहंमद तीनशे म्हणायचा, हा ऐंशी,
मग दोघं चहा प्यायचे, काचेच्या ग्लासातून,
आणि एकशेचाळीसला एक कुत्रं
कालच्या पेपरात गुंडाळलं जायचं.

एकूण अकरा, शोकेसमध्ये.
"पुसताना कान धरून उचल गं."
चहा त्यांत कधीच नाही.
मग काय करायचं या मगांचं?
"बघायचं. चावत नाहीत."

खडकीच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं
काडतुसांची मापं तपासली त्याने.
एक गोळी झाडली नाही.

तो गेल्याच्या चौथ्या महिन्यात
दूध नासलं, कोरा चहा केला,
कप सगळे घासायला पडले होते
(नव्हते पडले),
मी पॉइंटर बाहेर काढला.

उजव्या हातात धरला की मला दिसतं
नुसतं गवत, आणि कोपऱ्यात एक तित्तर.
कुत्रं पलीकडच्या अंगाला.
समोरच्या खुर्चीकडे तोंड,
पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ,
सगळं शरीर म्हणजे रोखलेलं बोट.
खुर्चीत इस्त्रीला द्यायचे कपडे.

मोरेश्वर डावखुरा.
प्यायला असता कधी, तर त्याला कुत्रं दिसलं असतं
आणि समोर बसून मला तित्तर.
म्हणजे मला काही झालं तरी तित्तरच.
हसू आलं. चहा नाकात गेला.

खाली दूध केंद्रापाशी एक तांबडं कुत्रं असतं.
रिक्षाखाली पाय सापडलेला, तो टेकवत नाही.
छत्रीआडून मोरेश्वर म्हणायचा,
"पॉइंटर आहे तो. त्याला कुणी सांगितलेलं नाही, इतकंच."

पिशवी घेतली, दोन ग्लुकोज बिस्किटं घेतली.
छत्रीही घेतली, सवयीने. उघडली नाही.
ते उभं होतं, पाय वर धरून,
माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्यावरून मागे
काहीतरी न्याहाळत, श्वास रोखून.

मीही वळून पाहिलं.
दुधाचे रिकामे क्रेट होते.
तरी आम्ही दोघं
जरा वेळ तिकडेच बघत राहिलो.