दस्ता

तीस वर्षं माझ्यासाठी दस्ता म्हणजे चोवीस ताव.
परीक्षेच्या दिवशी मीच मोजून द्यायचे,
अंगठा ओल्या स्पंजवर टेकवत.

आता दाल बाजारामागच्या दुकानात
भदौरियाजी काचेवर तीन दस्ते मांडतात:
अक्रोड, शिसम, आणि एक काळा, प्लास्टिकचा,
पावसात फुगत नाही, असं दोनदा सांगतात.
पावसात कुठे नेणार आहे मी?
जिन्यापासून मोरीपर्यंत, फार तर.

रायफल यांची. तीनशेपंधरा बोअर.
माझ्या नावावर व्हायला चौदा महिने लागले,
मृत्यूच्या दाखल्याच्या नऊ प्रती,
आणि कलेक्टर कचेरीतल्या एका मुलाचा प्रश्न, मान वर न करता:
कारण?
लिहिलं, घराची राखण.
दिवाळीत समोरच्या तोमरांकडे जाळी कापून शिरले होते.
नेलं काय, तर इन्व्हर्टर
आणि अनारशांचा डबा.

हफीज मिस्त्री माझा हात मापतो, शिंप्यासारखा,
कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत.
"बाईसाब, ये तो साहब के नाप का है.
डेढ़ इंच काटना पड़ेगा."

बेचाळीस वर्षं त्या मापाचं किती काय वापरलं मी.
स्वयंपाकघरातली वरची फळी.
आरामखुर्ची, जिच्यात माझे पाय लोंबायचे.
स्कूटरचा आरसा, ज्यात मला फक्त आभाळ दिसायचं.
दीड इंच कुणी काही छाटलं नव्हतं.

मी म्हटलं, हा कापू नका. नवा बसवा.
अक्रोड. महाग तर महाग.

मुलगा पुण्याहून फोनवर:
आई, दुर्बीण लाव. लेसर तरी लाव.
अरे, आपल्या घरातलं सर्वांत लांबचं अंतर
देवघर ते पुढचं दार, सतरा पावलं.
मोजलीत मी, अंधारात, अनवाणी.
टॉर्च घेतली, पण सुटी, हातात धरायची.
आधी बघायचं ना, कोण आहे ते.
रात्री येणारे तसे ओळखीचेच:
तोमरांचा धाकटा, पिऊन चुकीची बेल दाबणारा,
गच्चीवरचं लंगडं मांजर,
आणि एक जण, जो येत नाही,
पण चपला वाजतात.

खांद्याला रबराची गादी घेतली.
पट्टा कातड्याचा; नायलॉनला दप्तराचा वास येतो.
माशी जुनीच ठेवली, नळीच्या टोकावरची.
संध्याकाळी दिसावी म्हणून यांनी तिला
माझं लाल नेलपॉलिश लावलं होतं, शहाण्णव साली,
न विचारता.
बाटली मी महिनाभर शोधत होते.

सर्वांत जास्त वेळ घालवला तो एका कळीवर,
चाप अडवणाऱ्या.
भदौरियाजी तिची वेगळी किंमतसुद्धा धरत नाहीत.
पन्नास वेळा उघडली, मिटली.
अजून घट्ट करा, म्हटलं.
मिस्त्री हसला: इतनी सख़्त? वक़्त लगेगा खोलने में.
लागू दे.
मला विचार करायला वेळ लागतो.

रायफल तयार झाली बुधवारी.
शुक्रवारी निवडणूक जाहीर झाली.
सोमवारी जनकगंज ठाण्यात रांग:
अठ्ठावीस पुरुष आणि मी,
प्रत्येकाच्या खांद्यावर खोळीत घातलेलं काहीतरी उंच,
जणू सगळे तंबोरे घेऊन मैफिलीला निघालेत.
हवालदाराने नंबर टिपला, अक्रोडावर हात फिरवला,
म्हणाला, शादी में मिली?
आणि पावती दिली, पाव ताव,
तोही वाकडा फाडलेला.

जुना दस्ता मिस्त्रीने पिशवीत घालून दिला होता,
जळणाला होईल म्हणून.
गाल टेकायचा तिथे तो गुळगुळीत आहे, तेलकट.
दाढीच्या साबणाचा वास येतो असं मला वाटतं.
येत नसणार.

काल रात्री पुढच्या दाराच्या दोन कड्यांतून
तो आडवा सारून बघितला.
जरा कलतो. पण बसला,
कुठेही न छाटता.

मतमोजणीला अजून त्रेचाळीस दिवस आहेत.