घर आणि बाग

पहाटे पाचला थोंगयोंगच्या धक्क्यावर
आम्ही चाळीस बायका एका लांब टेबलाशी उभ्या.
कालवाला तोंड नसतं, बिजागरी असते.
सुरी तिथे घालायची, मनगट वळवायचं,
आतलं मऊ, राखाडी, फाटू न देता उचलायचं.
किलोवर पैसे. फाटलेलं धरत नाहीत.

शेजारची ओकबुन विचारते, "पोरीचं काय ठरवलंस?"
"बघू," मी म्हणते.
नोव्हेंबरपासून हेच एक 'बघू' सोलत बसलेय.

आमच्या भाषेत पाळणाघराच्या नावात घर आहे,
बालवाडीच्या नावात बाग.
नावं ठेवणाऱ्याचं काय जातं!

घर साडेसातला उघडतं, संध्याकाळी साडेसातला मिटतं.
तिथे निळ्या चटया, दुपारची झोप,
आणि हान बाई,
बोरमच्या कपाळाला हात न लावता
जिला ताप कळतो.
बागेत पिवळ्या टोप्या,
फाटकाशी मुख्य बाई स्वतः वाकून नमस्कार करतात,
मागे पिंजऱ्यात दोन ससे, भिंतीभर अक्षरं,
आणि दोनला सुट्टी.

दोनला माझा तिसावा किलो चालू असतो.

"घरात नुसतं सांभाळतात गं," सासूबाई म्हणाल्या,
"बागेत घडवतात."
म्हणावंसं वाटलं, तुमच्या छलग्यूला पाठीशी बांधून
तुम्ही जाळी विणलीत, नुसतं सांभाळलंत,
तो काय कमी घडला?
म्हटलं नाही.
तसा तो थोडा कमीच घडलाय.

तो कोजेच्या गोदीत. रविवारी येतो,
तिला खांद्यावर घेतो, म्हणतो, "तुला योग्य वाटेल ते कर."
एवढं मोठं ओझं
इतक्या प्रेमानं कुणी खाली ठेवलेलं
मी पाहिलं नव्हतं.

मग सोडतीत नाव लागलं.
एकशे बारा अर्ज, अठरा जागा, त्यात किम बोरम.
दुपारनंतर मुलं ठेवून घेतात त्या वर्गात मात्र जागा नाही.
पक्कं करायला तीन दिवस.
सासूबाईंनी बाजारातून भाकऱ्या आणल्या तांदळाच्या, चिकट, गोड;
शेजारणींना वाटल्या.
मी एक खाल्ली. टाळूला चिकटून बसली.

दुसऱ्या दिवशी लवकर सुटून बागेशी जाऊन उभी राहिले.
दोनला फाटक उघडलं.
आया होत्या, आज्या होत्या, एक आजोबा सायकल धरून.
प्रत्येक टोपीला एकेक हात मिळत गेला.
शेवटी एक मुलगा उरला.
तो रडत नव्हता. बुटाच्या टोकानं
वाळूत एक रेघ ओढत होता, परत परत, त्याच जागी.
कोण येतं ते बघायला मी थांबले नाही.

कालवांचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल.
मे उजाडला की माझ्यापाशी दुपारीच दुपारी.
म्हणजे उन्हाळ्यात मी बागेची आई, हिवाळ्यात घराची.
असा रकाना अर्जात नव्हता.

तिसऱ्या रात्री, बाराला वीस मिनिटं असताना
फोन घेऊन बसले.
पडदा माझा अंगठा ओळखेना.
शिंपल्यांनी त्याच्या रेषा केव्हाच घासून नेल्यात.
पुसला, फुंकला, मांडीवर घासला.
बोरम बाजूला झोपलेली, तोंड उघडं,
झोपेत माझी बाही धरून.
चौथ्यांदा अंगठा लागला.
'जागा सोडत आहे.'
खात्री आहे का, त्यानं विचारलं.
खात्री नव्हती. हो दाबलं.

म्हणजे त्याच क्षणी, याच गावात,
प्रतीक्षा क्रमांक एकच्या घरी
फोन थरथरला असेल.
कुणी बाई दचकून उठली असेल,
हर्षानं तिनं कुणाला तरी हलवून जागं केलं असेल.
माझा नकार तिच्याकडे होकार होऊन पोचला.
तिलाही दोनला कुठे असावं लागतं, कुणास ठाऊक.

सकाळी बोट धरून सासूबाई तिला घराकडे घेऊन गेल्या,
असं त्यांनीच सांगितलं, जरा तुटक.
वाटेत बोरमनं विचारलं म्हणे,
सशांना दुपारी झोपायला चटई देतात का.

मला काहीच सुचलं नाही.
टेबलावर नवा ढीग ओतला गेला होता,
ओकबुननं माझी सुरी धार लावून ठेवली होती.