फक्त पेटवायचं

गेर्नोट म्हणाला, आज उडवायचं नाही.
पेटवायचं, आणि विझवायचं.

जुन्या सोव्हिएत धावपट्टीच्या भेगांत
कॅमोमाइल माजलेलं.
ओर्ट्रूडने विमानाचं नाक वाऱ्याकडे केलं,
अग्निशामक डाव्या हाताशी,
हातमोज्यांना रॉकेलचा वास.

आधी बारीक शीळ,
मग पाचशे अंशांची थरथरती हवा,
मागचं गवत आडवं.

"हे लगेच ऐकत नाही!" तो ओरडला,
"हवं असेल त्याच्या तीन सेकंद आधी माग!"

एकतीस वर्षं ट्राम चालवलेली ती
हसली नुसती.
थांबा दिसला की ब्रेक लावतात ते
प्रवासी.

विझवल्यावरही टर्बाइन
स्वतःला गार करत फिरत राहिलं.
गेर्नोट थर्मास आणायला गेला.
ती तिथेच,
शेवटची फेरी संपेपर्यंत.