नवी आवृत्ती

रात्री टॅब्लेट आपोआप शहाणा झाला.
आता ‘नाही’ म्हटलं की पुढचे सात प्रश्न
स्वतःच गळून पडतात,
आणि कुठल्या उत्तराला किती सेकंद लागले
तेही कोपऱ्यात मोजलं जातं.

तांडापेठ. दुपारचे बारा. कूलर कोरडाच फिरतोय.
प्रश्न पहिला : नाव.
शेवंता निनावे.
लाल चौकट : कृपया खरे नाव भरा.
पुन्हा भरलं. पुन्हा लाल.
बाई हसली,
“काऊन जी, तुमच्या मशीनले निनावे मालूम नाई?
अख्खी गल्ली हाय आमची.”

शेवटी आडनावात एक टिंब घुसवलं,
तेव्हा कुठं त्यानं घेतलं.

प्रश्न नववा : आपण काही काम करता का?
तिच्या मागे मागाचा खड्डा,
त्यात आता गव्हाची कोठी.
ती चिमटीत काहीतरी ओढत राहिली,
सूत नसलेलं.
मग म्हणाली, नाही.

सात प्रश्न गेले.
कागदी फॉर्मला निदान समास होता,
पेन्सिलीनं काहीबाही लिहिता यायचं.

संध्याकाळी धंतोलीच्या ऑफिसात देवतळे सर :
“नवव्याला एकोणपन्नास सेकंद?
नेट गेलं होतं का?”

हो म्हणालो.