पायांना विचार

लौटोकाच्या बसस्टँडवर शुक्रवारी चारला
साखर कारखान्याचा भोंगा होतो
आणि त्याच्या पाठोपाठ सेतारेकीचा.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, कमरेला करडा सुलू, काखेत बायबल,
हातात निळा कर्णा, दांड्याला चिकटपट्टी.
आधी त्यांच्या बोलीत, मग माझ्याकडे वळून
मोडक्यातोडक्या हिंदीत:
पत्थर पूजेगा, आग में जायेगा.

माझ्या गाड्यावर भाजलेले वाटाणे, तिखटमीठ,
वर्तमानपत्राच्या पुड्या.
मी म्हणतो, किती? गिऱ्हाईक म्हणतं, दोन.
नरक ऐकता ऐकता माल बरा खपतो.

आग मला ठाऊक आहे.
एकवीस वर्षं, दर ऑगस्टला,
दहा दिवस उपास काढून, पिवळं धोतर नेसून
देवीच्या देवळामागच्या निखाऱ्यांवरून चाललोय मी.
पणजोबा मद्रासेहून ऊस तोडायला आला
तेव्हा गाठोड्यात एक घंटा होती
आणि पायांत हे चालणं.

फैयाज शिंपी अर्ज घेऊन आला.
कर्णा बंद करावा ही विनंती, खाली अठरा सह्या.
मी पेनचं टोपण काढलं.
तेवढ्यात मशिदीतून बांग झाली, फैयाजनं टोपी सारखी केली,
आणि मला आमचे ढोल आठवले, रात्री दोनपर्यंतचे,
आणि शेजारची वासेमाधा म्हातारी,
भल्या पहाटे चर्चला निघणारी;
इतक्या वर्षांत एकदाही तिनं
कुंपणावर काठी आपटली नाही.
म्हटलं, हात तेलकट आहेत रे, उद्या बघू.
दुसऱ्या दिवशी मी गाडाच लावला नाही.

मग एका शुक्रवारी राकिराकीची शेवटची बस आली नाही.
स्टँड रिकामा. साळुंक्या तेवढ्या भांडत होत्या.
सेतारेकी माझ्या बाकावर येऊन बसला,
कर्णा मांडीवर, झोपलेल्या पोरासारखा.
बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिला.
मग हळू, कर्ण्याशिवाय:
भाजत नाही?

म्हटलं, काही साली भाजतं.
त्यानं मान हलवली. माहीत असलेल्या माणसासारखी.

आजा त्याचा बेंगा बेटावरचा.
खड्ड्यात पांढरे होईतो तापवलेले धोंडे,
त्यांवरून आजा जायचा अनवाणी,
जसं कुणी शेजाऱ्याकडे मीठ मागायला जावं.
सेतारेकीच्या पायांतही ते होतं म्हणे.
चर्चमध्ये शब्द दिला, सोडलं.
आणि नाव? मी विचारलं.
तो पहिल्यांदा हसला.
राजानं भट्टीत टाकलेला शद्रख,
ज्याच्या डोक्यावरचा केससुद्धा होरपळला नाही,
तोच आमच्याकडे सेतारेकी.
आईनं ठेवलं. तिला दोन्ही आगी आवडायच्या.

मी पुडी दिली. पैसे घेतले.
घ्यायला नको होते का, अजून ठरत नाही.

पुढच्या शुक्रवारी भोंगा, मग तो.
तोच शर्ट, तीच वचनं, तोच माझ्याकडे वळणं.
पत्थर पूजेगा, आग में…
कर्णा खरखरला आणि बसला.
तो नुसत्या गळ्यानं ओरडत राहिला,
पण बसची इंजिनं सुरू होती, गळा पुरेना.
दुकानातून फैयाज मोठ्यानं हसला.

माझ्या रेडिओवर सहाला भजनं लागतात.
मी त्यातले सेल काढले, चारही, आणि नेऊन दिले.
का, ते मला विचारू नका.
त्याच्या येशूला मी मानलं नाही,
माझ्या देवीला त्यानं.
त्यानं सेल घातले, उलटे, मग सुलटे,
फुंकर मारून पाहिली,
सवयीनं माझ्याकडे वळला, तोंड उघडलं
आणि जरा थांबला.

मग म्हणाला तेच.
पण माझ्या पायांकडे बघून.

किती? मी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं.